बाळंतपणानंतर अंग बाहेर येणं : कुणाशी बोलायचं?

अबोली_फोंडा | ११ जून, रात्री १०:४२

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. बाळ निजलंय, नवरा रात्रपाळीला वेर्ण्याला गेलाय, म्हणून धीर झाला.

माझी ही पहिली खेप. जानेवारीच्या शेवटी मुलगी झाली, साडेतीन किलोची. अठरा तास कळा दिल्या, शेवटी माझा जोरच संपला आणि व्हॅक्यूम लावून बाळ काढलं. टाके पडले. पुढचा सव्वा महिना आईकडे डिचोलीला होते. आईने काही म्हणून कमी केलं नाही. मालिश, न्हाणं, धुरी, अळिवाची खीर, सगळं झालं.

सासरी आले आणि आठवड्याच्या आत एक दिवस न्हाणीत उकिडवी बसून दुपटी पिळत होते, तेव्हा खाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. हात लावून पाहिलं तर सुपारीएवढं मऊ काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. पण मी तशीच ओल्या फरशीवर बसून राहिले, किती वेळ ते आठवत नाही. दुपट्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं एवढं आठवतं.

डॉक्टरांकडे गेले. तपासणी दोन मिनिटांत उरकली. "मूत्राशय थोडं खाली आलंय, बाळंतपणानंतर होतं असं, केगेल करा." चिठ्ठीवर 'केगेल' एवढाच शब्द. बाहेर रांग होती, मी उठले. आईला सांगितलं तर तिचा चेहरा पडला, म्हणाली, "हे कुणाकडे बोलू नकोस." त्या वाक्याने मला त्या गोळ्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

विचारायचं हे आहे : हे परत जागेवर जातं का? बाळाला उचलू की नको? मी प्राथमिक शाळेत शिकवते, जुलैच्या शेवटी सव्वीस आठवड्यांची रजा संपते. दिवसभर उभं राहणं जमेल का? संध्याकाळी पाच वाजले की खाली दगड बांधल्यासारखं जड होतं. आडवी झाले की बरं वाटतं.

---

मांडवीकाठ | ११ जून, रात्री ११:०५

अबोली, मी. मला झालं होतं. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. उद्या सविस्तर लिहिते, पण आज झोपायच्या आधी एवढं ऐक : तू मोडलेली नाहीस, आणि एकटी तर नाहीसच नाही.

---

बकुळ | ११ जून, रात्री ११:२०

मी पण. माझं मागच्या बाजूचं, गुदाशय उतरतं ते, रेक्टोसील. धागा काढलास ते फार बरं केलंस गो.

---

वाळपईची_काकू | १२ जून, सकाळी ६:१५

बाळा, वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे "आंग भायर आयलां" म्हणायचे, तेही चुलीपाशी, पुरुष घरात नसताना. आईवर रागावू नकोस. तिच्या काळी असं बोललेली बाई कायमची 'ती तसली दुखणेकरी' होऊन बसायची. ती भीती तिच्या अंगात भिनलेली असणार.

माझं मत विचारशील तर आजकालच्या पोरी सव्वा महिना धड पाळत नाहीत, तिथेच चुकतं. पोट घट्ट बांधायचं, खाली वाकायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. आमची वैजीण, म्हणजे सुईण, हे इतकं बजावून सांगायची.

---

सुरंगी | १२ जून, सकाळी ८:३०

काकू, तुमचा मान ठेवून सांगते, अबोलीने तर सगळं पाळलं होतं. तरी झालं. आणि तो सव्वा महिना कोणाच्या वाट्याला यायचा? पहिल्या बाळंतपणाला, माहेरी. माझ्या सासूला सात मुलं. चौथ्यापासून बाराव्या दिवशी शेतात. रोप लावणीला कमरेतून वाकून, गुडघाभर चिखलात. मला स्वतःला तीन. काजूच्या हंगामात बोंडूंच्या पाट्या डोक्यावर घेऊन डोंगर उतरले आहे, धाकटा अडीच महिन्यांचा असताना. माझं अंग खाली आलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. ऑपरेशन झालं त्रेपन्नाव्या वर्षी. मधली बावीस वर्षं मी कोणाला काही बोलले नाही. पोरी, तू साडेचार महिन्यांत बोललीस.

---

मांडवीकाठ | १२ जून, दुपारी १:१०

काल म्हटल्याप्रमाणे. जरा लांब होईल.

मलाही 'केगेल करा', म्हणजे खालचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम करा, एवढंच सांगितलं होतं. मी मोबाइलवर पाहून रोज मनापासून करायचे. तीन महिने केलं, फरक शून्य. उलट जडपणा वाढला. शेवटी या विषयातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने आधी अर्धा तास नुसतं बोलून घेतलं. मग हातमोजा घालून, मला विचारून, आतून तपासलं आणि म्हणाली, "आता आवळ." मी आवळलं. ती म्हणाली, "तू माझं बोट बाहेर ढकलते आहेस." तीन महिने मी खाली जोर करत होते! श्वास रोखून, पोट ताठ करून, कुंथल्यासारखं.

मग तिने जे सांगितलं ते शब्द मला अजून पाठ आहेत. "चारचौघांत बसली आहेस आणि वारा सरायला आलाय, तो कसा धरशील? तसं मागून सुरू कर. तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत आण. आणि आत, वर उचल. मांड्या ढिल्या, ढुंगण ढिलं, तोंडाने श्वास चालू." पहिल्या दिवशी मला तीन सेकंदच धरता आलं. तीन सेकंदांत सुटायचं, नळीतून पाणी निसटावं तसं. हळूहळू दहापर्यंत गेले. दहा सेकंद धरायचं, तितकाच वेळ सोडायचं, असं दहा वेळा. त्यानंतर दहा वेळा भराभर आवळ-सोड. दिवसातून तीनदा. सोडणंही पूर्ण हवं, यावर तिचा फार जोर होता. सतत आवळून ठेवलेला स्नायू थकतो.

लघवी मध्येच थांबवून व्यायाम करू नकोस. तसं करायला मला एका नातेवाईक बाईने सांगितलं होतं. सवय लागली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

मला सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिल्यांदा फरक जाणवला. पाच वाजता यायचा तो दगड सातला यायला लागला. मग काही दिवस आलाच नाही.

लक्षात राहायचं नाही म्हणून मी पर्वरीहून पणजीला जाताना बसमध्ये करायचे. कंडक्टरने शिट्टी मारली की आवळायचं, पुढच्या शिट्टीला सोडायचं. पुलावर शिट्टी वाजत नाही म्हणून तिथे मनात दहा मोजायचे.

---

बकुळ | १२ जून, दुपारी १:४०

मांडवीकाठ, कंडक्टरला शिट्टीचे पैसे द्यायला हवेत तू. :) आजपासून माझीपण फोंडा-मडगाव फेरी कामी लागणार.

---

योगिनी_मडगाव | १२ जून, दुपारी ३:२५

मी योग शिकवते. मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या खालून आवळायच्या योगक्रियांचा इथे चांगला उपयोग होतो, हे मी माझ्या वर्गातल्या बायकांत पाहिलं आहे. सेतुबंधासन आणि भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी केली की संध्याकाळचा जडपणा उतरतो. कपालभातीने पोट लवकर आत जातं, तेही सुरू करायला हरकत नाही.

---

ओपीडीनंतर | १२ जून, रात्री ९:५०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अबोली, तुला तपासल्याशिवाय तुझ्याबद्दल नेमकं सांगणं बरोबर नाही, पण सर्वांच्या उपयोगाचं थोडं लिहिते.

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे तिघे तिच्यावर आणि वरून धरणाऱ्या बंधांवर टेकलेले असतात. बाळाचं डोकं बाहेर येताना ही झोळी तिच्या नेहमीच्या लांबीच्या कितीतरी पट ताणली जाते. कधी स्नायू हाडापासून सुटतोही. कळा लांबल्या, बाळ मोठं असलं, चिमटा लावावा लागला की शक्यता वाढते. पुढची भिंत सैल पडली की मूत्राशय उतरतं, त्याला सिस्टोसील म्हणतात. मागची पडली तर रेक्टोसील. मधून गर्भाशय उतरू शकतं. बाळंतपण झालेल्या बायकांना तपासलं तर जवळपास निम्म्या जणींत थोडंफार उतरलेलं सापडतं. त्रास होतो तो त्यांतल्या थोड्यांनाच. तेव्हा 'मलाच कसं झालं' हे मनातून काढ.

आता तुझे प्रश्न. बाळंतपणानंतर वर्षभर हे स्नायू आणि बंध भरून येत असतात. साडेचार महिन्यांचं चित्र हे शेवटचं चित्र नव्हे. शिवाय तू अंगावर पाजत असशील, तर त्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, त्यामुळे तिथे कोरडेपणा आणि सैलपणा जास्त जाणवतो. दूध तोडल्यावर अनेकींना आपोआप थोडं बरं वाटतं. यासाठी दूध लवकर तोडायचं मात्र नाही.

सगळं पूर्वीसारखं वर जाईलच असं मी म्हणणार नाही. व्यायामाने त्रास कमी होतो हे मात्र नीट तपासलेलं आहे. 'लॅन्सेट'मध्ये २०१४ साली ४४७ बायकांचा अभ्यास आला होता. ज्यांना प्रत्यक्ष शिकवून, त्यांच्या स्नायूंप्रमाणे व्यायाम दिला, त्यांचा त्रास वर्षाअखेर इतरांपेक्षा कमी होता. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या प्रोलॅप्ससाठी, म्हणजे अंग खाली येण्यासाठी, निदान सोळा आठवडे देखरेखीखाली व्यायाम सांगितलाय. चिठ्ठीवर एक शब्द लिहून देणं म्हणजे देखरेख नव्हे. आमच्या लोकांकडून ही चूक होते, रांगेच्या रेट्यात माझ्याकडूनही झाली आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

योगिनीताई, मूलबंध आणि सेतुबंध यांना माझी संमती आहे. कपालभाती, नौकासन, जोरदार पोटाचे व्यायाम आत्ता नकोत. पोटातला दाब खाली येतो आणि खालची झोळी अजून तो पेलायला तयार नसते.

काकू, विश्रांतीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पोट बांधण्याबद्दल थोडं वेगळं सांगेन. सैलसर, कमरेला आधार देणारं कापड चालेल. बरगड्यांखाली करकचून आवळलं तर दाब खालीच जाणार. टूथपेस्टची ट्यूब वरून दाबली की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा.

---

वाळपईची_काकू | १३ जून, सकाळी ६:०५

डॉक्टरबाई, पटलं. आमची वैजीण कंबरेखालून बांधायची, वरून नाही. पोरींनी ते पोटाचा घेर कमी करायला वर चढवलं. मी माझ्या सुनेला सांगते.

ती पाल्याची पुरचुंडी करून आत ठेवायला द्यायची, ते अजून कोणी करतं का?

---

ओपीडीनंतर | १३ जून, सकाळी ७:३०

करतात, आणि जंतुसंसर्ग घेऊन येतात. तेवढं कृपा करून कोणी करू नका.

---

योगिनी_मडगाव | १३ जून, सकाळी ९:१०

कपालभातीबद्दल माझं चुकलं. वर्गात दोन बाळंतिणी आहेत, आजच त्यांना थांबवते.

---

कुळागर | १३ जून, दुपारी १२:४०

मी पुरुष आहे. लिहू का, या विचारात कालपासून होतो.

आमचं घर सत्तरी तालुक्यात. आई नेहमी सोप्याच्या कडेला, एकाच मांडीवर भार देऊन बसायची. जेवायलाही तशीच. आम्हा भावंडांना वाटायचं, ती तिची बसायची पद्धत. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कापून तिने एक गाठोडं करून ठेवलेलं होतं. त्या पट्ट्या धुऊन माडांच्या मागे वाळत घालायची, अंगणात कधीच नाही. आठ-दहा वर्षांचा असताना मी एकदा विचारलं, तर "भांडी पुसायचे" म्हणाली.

चौसष्टाव्या वर्षी ताप चढला, लघवी अडली, तेव्हा दवाखान्यात नेलं. गर्भाशय पूर्ण बाहेर होतं, घासून घासून जखम झालेली. डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं?" आई म्हणाली, "धाकट्यापासून." धाकटा म्हणजे मी. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो.

आधी जखम भरेपर्यंत औषध आणि पट्ट्या, मग ऑपरेशन. नंतर ती आठ वर्षं जगली. त्या आठ वर्षांत ती सरळ, दोन्ही मांड्यांवर बसायची. घरात कोणाच्या लक्षात आलं नसेल, मी रोज बघायचो.

अबोलीताई, तुमच्या नवऱ्याला सांगा. माझ्या बापाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

---

अबोली_फोंडा | १३ जून, रात्री ११:१५

कुळागर दादा, तुमचं तीनदा वाचलं. आज त्याला सांगितलं. मला वाटलं होतं त्याला किळस येईल. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे तू रोज बादली उचलत होतीस आणि मी बघत होतो?" मग त्याने तुमचं लिहिलेलं वाचलं आणि उठून दुपटी धुवायला गेला. रात्री साडेदहाला.

---

म्हापशेकर | १४ जून, सकाळी ८:००

माझी बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. हे आधी टाळता येतं का? सिझेरियन केलं तर होणारच नाही ना?

---

ओपीडीनंतर | १४ जून, रात्री १०:२०

सिझेरियनने धोका कमी होतो, शून्य होत नाही. नऊ महिन्यांचा भारही त्याच झोळीवर असतो. नुसतं हे टाळायला पोट फाडून घेऊ नये, त्याचे स्वतःचे धोके आहेत. तुमच्या पत्नीला आत्तापासून हे व्यायाम नीट शिकवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. जुना खोकला असेल तर औषध घ्या. आणि घरातली जड कामं तुम्ही उचला.

---

बकुळ | १४ जून, रात्री १०:५५

बद्धकोष्ठाचा विषय निघाला, आता मी लिहिते. याच्यावर कोणी बोलत नाही.

माझं मागच्या भिंतीचं. शौचाला बसलं की पुढे पिशवी होते आणि मळ त्यात अडकतो. कितीही जोर केला तरी अर्धं आतच. दोन वर्षं मी रोज वीस-वीस मिनिटं कुंथायचे, आणि जितकं कुंथायचं तितकं खाली यायचं. मला तपासणाऱ्या बाईने सांगितलं, योनीच्या मागच्या भिंतीवर स्वच्छ बोटाने आतून आधार दे, मग बघ. मला इतकी लाज वाटली की महिनाभर केलं नाही. केलं त्या दिवशी दोन मिनिटांत मोकळी झाले आणि तिथेच बसून रडले. अनेक बायका हे करतात म्हणे, कोणी कोणाला सांगत नाही. मी आज सांगते आहे.

बाकी : कमोडवर बसताना पायाखाली देवघरातल्या पाटाएवढा उंच पाट. कोपरं गुडघ्यांवर, तोंड उघडं, पोट सैल सोडायचं. कळ आल्यावरच जायचं, आलेली कळ मारायची नाही. रात्री इसबगोल, वर भरपूर पाणी. खाण्यात तांबडी भाजी, अळसांद्यांची उसळ, सकाळी उकड्या तांदळाची पेज, संध्याकाळी नाचण्याचं तिजण. मैद्याचे पाव मी बंद केले. हे सगळ्यात जड गेलं, सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की जीव जायचा.

---

सुरंगी | १५ जून, सकाळी ७:४५

तिजण कशात करतेस? माझ्या सुनेला गुठळ्या होतात.

---

बकुळ | १५ जून, सकाळी ८:१०

नाचणे रात्री भिजत घालायचे, सकाळी वाटून फडक्यातून गाळून घ्यायचे. ते दूध तसंच ठेवलं की सत्त्व खाली बसतं, वरचं पाणी ओतून टाकायचं. सत्त्वात थंड पाणी घालून आधी नीट सारखं करून मगच विस्तवावर. सतत ढवळत राहायचं. गूळ, चिमूट मीठ, शेवटी नारळाचा रस. गरम पाण्यात सत्त्व टाकलं की गुठळ्या होणारच.

---

पेडण्याची_सून | १६ जून, दुपारी २:३०

तिजण पिऊन झालं असेल तर मी रिंगबद्दल लिहिते. :) इथे कोणी तिचं नाव घेतलं नाही.

मला सेकंड डिग्री. दुसरं मूल हवं होतं म्हणून ऑपरेशन नको होतं, आणि मी दुकानात दिवसभर उभी असते. डॉक्टरांनी सिलिकॉनची रिंग पेसरी बसवली. बांगडीसारखी गोल, मऊ, दुमडून आत जाते आणि आत उघडते. पहिलं माप लहान झालं, जिना चढताना घसरून बाहेर आली. दुसरं बसलं, आणि मला ती आहे हेच कळेना. ती बसवून मी चालत घरी आले तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं की चालताना खाली काही न जाणवणं म्हणजे काय असतं.

मी आता स्वतः काढते, साध्या पाण्याने धुते, परत घालते. पहिल्यांदा हात थरथरत होते. ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवून यायचं. आत ठेवून विसरून जायची वस्तू नव्हे ही, जखम होऊ शकते.

नवरा-बायकोचं विचाराल तर, काढून ठेवते. आणि अंग खाली आलं म्हणून संबंध बंद, असं काही नाही. कोरडेपणाला पाण्याचं जेल मिळतं औषधाच्या दुकानात. मला वाटायचं संबंधाने काही बिघडेल. काही बिघडत नाही.

---

शिरोड्याची | १६ जून, रात्री ९:००

जरा विषयांतर. गर्भाशय न काढता वर बांधायचं ऑपरेशन शोधून काढणाऱ्यांत एक मोठं नाव आमच्या शिरोड्याचं आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म शिरोड्यात, १८९९ सालचा, काम मुंबईत. गर्भपात टळावा म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला जो टाका घालतात त्याला जगभर 'शिरोडकर टाका' म्हणतात. आणि तरण्या, अजून मुलं हवी असलेल्या बायकांचं अंग खाली आलं तर पट्टीने ते वर धरायची त्यांची 'शिरोडकर स्लिंग' आहे. १९७१ साली पद्मविभूषण. कामाक्षीच्या जत्रेला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल! आमच्याच गावच्या माणसाने ज्या दुखण्यावर आयुष्य घालवलं, ते दुखणं आमच्याच गावात अजून कुजबुजून सांगतात, याचं फार वाईट वाटतं.

---

ओपीडीनंतर | १६ जून, रात्री ११:१०

शिरोड्याची, फार छान आठवण. बरोबर आहे. त्या स्लिंगमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा मागचा भाग माकडहाडाच्या वरच्या कण्याच्या हाडाला पट्टीने बांधतात, गर्भाशय राहतं.

यावरून एक सांगते. 'पिशवी काढून टाका म्हणजे मिटलं' हे सरसकट खरं नाही. गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग नंतर कधीतरी उतरू शकतो. शक्यतो मुलं पुरी झाल्यावर, आणि व्यायाम व रिंग यांनी भागत नसेल तरच ऑपरेशनकडे वळावं. आधाराला योनीतून घालायची कृत्रिम जाळी कोणी सुचवली तर दहा प्रश्न विचारा. अमेरिकेत २०१९ साली प्रोलॅप्ससाठी तिची विक्री बंद करायला लावली.

आणि हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना : लघवी अडणे, रक्त, ताप, बाहेर आलेला भाग काळपट पडणे किंवा त्यावर जखम.

---

सुरंगी | १७ जून, सकाळी ८:२०

माझं योनीतून गर्भाशय काढलं आणि पुढची-मागची भिंत शिवली. सरकारी इस्पितळात, खर्च जवळजवळ नाहीच. सहा आठवडे विश्रांती. मला चांगला गुण आला. पण एकतीसाव्या वर्षी कोणी मला आवळायला शिकवलं असतं किंवा ती बांगडी दिली असती तर कदाचित चाकूची पाळी आली नसती. कोणावर राग नाही माझा. बावीस वर्षांचं वाईट मात्र वाटतं.

---

मांडवीकाठ | १७ जून, रात्री १०:१५

अबोलीचा मूळ प्रश्न राहूनच गेला : बाळाला उचलू की नको.

उचल. लेकराला उचलायचं नाही म्हणून मी दोन महिने कुढले, आणि ते सगळ्यात वाईट होतं. फक्त पद्धत बदल. बाळ पाळण्यातून वाकून, हात लांब करून घ्यायचं नाही. जवळ जा, गुडघे वाकव, बाळ छातीशी आण, आधी खालून आवळ, मग श्वास सोडत उठ. खोकला, शिंक, हसणं याआधीही तसंच आवळायचं. पंधरा दिवसांत आपोआप व्हायला लागतं. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, तांदळाची गोण, ही नवऱ्याची कामं. शाळेत टेबलाच्या कडेला टेकून शिकव, मधल्या सुट्टीत दहा मिनिटं आडवी हो. मुख्याध्यापकांना 'कंबरेचं दुखणं' सांगितलंस तरी चालेल, पण खरं सांगता आलं तर सांग.

---

अबोली_फोंडा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३५

धागा वर काढते आहे. बऱ्याच जणींनी खाजगीत विचारलं, म्हणून.

जूनच्या शेवटी फिजिओथेरपिस्ट मिळाली. मीही ढकलतच होते, मांडवीकाठ, अगदी तुझ्यासारखी. सोळा आठवडे झाले. मधे लेकीला ताप होता तेव्हा नऊ दिवस काहीच केलं नाही, बाकी रोज. तपासणीत मूत्राशय अजून थोडं खालीच आहे. जूनमध्ये अगदी तोंडाशी होतं, आता त्याच्या आत आहे. हात लावून पाहायची रोजची सवय मात्र सुटली, ते मला जास्त मोठं वाटतं.

शाळा सुरू आहे. मुख्याध्यापिका बाई आहेत, त्यांना खरंच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पण." दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात उंच स्टूल आलं.

पूर्ण बरं नाही. गणेश चवथीच्या आधीची साफसफाई, वर दोन दिवस करंज्या तळत उभं राहिले, तर दगड परत आला. माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं बांधतात ते) सामान, पाणी, सगळं नवऱ्याने आणि दिराने केलं तरीही. तीन दिवस संध्याकाळी भिंतीला पाय लावून पडले, मग उतरलं. फिजिओ म्हणाली, असे दिवस येतील, घाबरून व्यायाम सोडू नकोस.

चवथीला आई आली होती. तिच्यासमोरच चटईवर आडवी होऊन मी व्यायाम केला. ती बराच वेळ बघत बसली, मग विचारलं, "माझ्या वयाला चालतं का हे?" मी काही विचारलं नाही. जागा करून दिली, ती बाजूला आडवी झाली. पुढच्या शनिवारी तिला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासायला जातेय. साठीतल्या बायकांना पहिल्या तपासणीत काय काय विचारतात, आधी काही तपासण्या करून न्यायला हव्यात का, कोणी सांगेल?

---

सुरंगी | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

साखर तपासून ने. लघवीची तपासणी तिथे करतीलच. जुने कागद, चालू गोळ्यांची नावं लिहून ने. आणि खोलीत तू सोबत जा, बाहेर बसू नकोस. मी त्या दिवशी फोंड्यातूनच निघणार आहे, किती वाजताच्या बसने जाताय ते खाजगीत कळव.